विश्लेषण : केबल तोडल्यावर मोफत वाहिन्यांचे रेकॉर्डिंग कसे करायचे? भरवशाची पेटी कशी ओळखायची?

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी संपवून कामगार खोलीवर पोहोचतो, तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. संध्याकाळच्या बातम्या, मालिका, क्रिकेटचा सामना सगळे उरकलेले असते. तिसऱ्या पाळीचा माणूस दिवसा झोपतो आणि त्याच खोलीत मुलांचा अभ्यासाचा कार्यक्रम लावायचा की नाही, यावरून घरात कुरबुर होते. टीव्ही पाहायला वेळ नाही, केबलचे किंवा डीटीएचचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला जातात. त्यामुळे 'केबल काढून मोफतची छत्री बसवू, हवे ते पेन ड्राइव्हवर घेऊन सवडीने पाहू' असा विचार अनेक घरांत होतो. हे खरोखर जमते का, त्यासाठी कोणती पेटी घ्यावी आणि रेकॉर्डिंग नेमके कुठे फसते, याचा हा आढावा.

केबल सोडण्याचा विचार का वाढला?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची म्हणजे 'ट्राय'ची नवी दरप्रणाली फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. प्रेक्षकाने हव्या त्याच वाहिन्यांचे पैसे द्यावेत, हा तिचा उद्देश. मात्र एकही सशुल्क वाहिनी घेतली नाही तरी १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये नेटवर्क शुल्क आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे द्यावे लागत होते. पुढे याच रकमेत २०० वाहिन्या मिळू लागल्या. जुलै २०२४ मध्ये 'ट्राय'ने या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून घेतली आणि दर ठरवण्याची मुभा कंपन्यांना दिली.

दुसरीकडे मोबाइल डेटा आणि ओटीटी घरोघरी पोहोचले. खासगी डीटीएचचे सक्रिय ग्राहक मार्च २०२४ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख होते, ते वर्षभरात सुमारे ५ कोटी ७० लाखांवर आले. त्याच काळात प्रसार भारतीची मोफत सेवा 'डीडी फ्री डिश' वाढत गेली. सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०१८ मध्ये ती ३ कोटी ३० लाख घरांत होती, २०२४ मध्ये हा अंदाज ४ कोटी ९० लाख घरांवर गेला.

हिशेब सोपा आहे. एखादे घर केबलला महिन्याला ३०० रुपये देत असेल, तर वर्षाला ३,६०० रुपये जातात. फ्री डिशची छत्री आणि पेटी यांचा एकदाचा खर्च साधारण २,००० रुपयांच्या आसपास येतो. त्यानंतर मासिक रिचार्ज नाही.

अँटेना लावून टीव्ही दिसणे बंद झाले का?

बहुतांश ठिकाणी हो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुणे परिसरात चित्र दिसू लागले. शिरवळपासून सिंहगड सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये डोंगर. त्या काळी एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून 'आलं, आलं... गेलं!' असे ओरडायचे, हा घराघरातला अनुभव होता.

हे ॲनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने थांबवले. सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता उर्वरित प्रक्षेपक बंद करण्यासाठी ३१ मार्च २०२२ ही मुदत ठरली होती. डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत सुरू झाले. त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) होते. शिरवळसारख्या गावाला त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेत किंवा युरोपात केबल तोडणारे कुटुंब छतावर अँटेना लावते आणि त्याला रेकॉर्डर जोडते. आपल्याकडे त्या अँटेनाची जागा फ्री डिशच्या छत्रीने घेतली आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने ३३ वाहिन्यांसह ती सुरू झाली. आज तिचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते.

शिरवळमध्ये छत्री कोणत्या दिशेला?

जीसॅट-१५ हा विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. शिरवळचे स्थान गृहीत धरून गणित केले तर उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच येतो. इतक्या उंचीमुळे लांबचे डोंगर आड येत नाहीत. आड येतात ती शेजारची नवी इमारत, पाण्याची टाकी किंवा वाढलेले झाड.

साधारण ६० सेंटीमीटरच्या छत्रीला दोन-तीन अंशांचा फरकही महागात पडतो. वाऱ्याने छत्री हलली की आधी चित्राचे चौकोन पडतात, मग पडदा काळा होतो. समोर बसून पाहणारा उठून वर जातो. रेकॉर्डिंग चालू असताना मात्र घरात कोणी नसते आणि रिकामी किंवा तुटक फाइल पाहिल्यावरच बिघाड कळतो. म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्याने पेटीइतकेच लक्ष छत्रीच्या नट-बोल्टकडे द्यावे.

पावसाचाही प्रश्न आहे. या सेवेच्या केयू बँड लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. खंडाळा तालुका पर्जन्यछायेत येत असला तरी वळवाचा एखादा जोरदार तडाखा दहा-पंधरा मिनिटे चित्र घालवू शकतो. छत्री नेमकी जुळवलेली असेल तर हा काळ कमी होतो. पूर्ण टाळता येत नाही.

मोफत सेवेत काय दिसते, काय दिसत नाही?

निर्णय बदलू शकतो तो इथे. डीडी सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या, संसद टीव्ही, काही बातम्यांच्या, चित्रपटांच्या आणि मनोरंजनाच्या खासगी वाहिन्या फ्री डिशवर असतात. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या मराठी वाहिन्याही या मंचावर दिसल्या आहेत. मात्र झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या आहेत. घरातल्या मंडळींची रोजची मालिका यांपैकी एखाद्या वाहिनीवर असेल, तर कितीही चांगला रेकॉर्डर आणला तरी ती मिळणार नाही.

खासगी वाहिन्यांची यादीही कायमची नसते. जागा ई-लिलावाने दिल्या जातात आणि वार्षिक मुदत साधारण १ एप्रिल ते ३१ मार्च असते. मोठ्या प्रसारण समूहांनी २०१९ मध्ये आपल्या मोफत हिंदी वाहिन्या इथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. त्यांतील काही नंतर परतल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेटीवर वाहिन्या नव्याने शोधाव्या लागतात आणि आधी लावलेले टायमरही तपासावे लागतात. वाहिनीचा क्रमांक बदलला असेल, तर पेटी निमूटपणे भलताच कार्यक्रम रेकॉर्ड करते.

याच उपग्रहावर शैक्षणिक वाहिन्यांचा मोठा साठा आहे. 'स्वयंप्रभा' २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांसह सुरू झाली. तिच्यावर दररोज किमान चार तासांचा नवा मजकूर आणि त्याचे दिवसात आणखी पाच वेळा पुनःप्रक्षेपण, अशी रचना ठेवण्यात आली. शालेय अभ्यासक्रमाच्या 'पीएम ई-विद्या'च्या वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात झाली. एकच टीव्ही आणि एकच खोली असलेल्या घरात रेकॉर्डिंगचा सर्वाधिक उपयोग इथेच होतो. टीव्ही बंद ठेवून धडा पेन ड्राइव्हवर घेता येतो आणि वडील पाळीला गेल्यावर पाहता येतो.

क्रिकेटचे सामने मिळतात का?

काही मिळतात, आणि फ्री डिशची एक बाजू इथे वरचढ ठरते. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावे लागते. मात्र हे प्रक्षेपण प्रसार भारतीने स्वतःच्या भूप्रक्षेपण आणि डीटीएच सेवेवरच दाखवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे अशा सामन्याच्या वेळी दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीवर फ्री डिशवाल्याला सामना दिसतो आणि केबलवाल्याला त्याच वाहिनीवर दुसरा कार्यक्रम. आयपीएल मात्र या बंधनात नाही, म्हणून ती पाहण्यासाठी फ्री डिशवर विसंबू नये.

रेकॉर्डिंग नेमके होते कसे?

उपग्रहावरून येणारे चित्र आधीच डिजिटल आणि आक्रसलेले असते. पेटी ते नव्याने तयार करत नाही. येणारा प्रवाह जसाच्या तसा यूएसबीवर उतरवते. त्यामुळे रेकॉर्डिंगचा दर्जा थेट प्रक्षेपणाइतकाच असतो आणि त्यासाठी फार ताकदवान पेटीही लागत नाही.

जागेचा हिशेब असा. जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या साध्या वाहिनीचा वेग सेकंदाला ३ मेगाबिट धरला, तर एका तासाला सुमारे १.३५ जीबी लागतात. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर वीस-बावीस तास मावतात. एमपेग-४ मध्ये त्याच दर्जाला निम्म्याच्या आसपास जागा पुरते. एचडी वाहिनीचा वेग ६ ते ८ मेगाबिट धरला, तर तासाला २.७ ते ३.६ जीबी लागतील.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. साध्या पेटीत एकच ट्यूनर असतो. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी हवी तशी पाहता येत नाही. दोन्ही वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर असतील, तर काही पेट्या ते जमवतात. एका छत्रीवर दोन पेट्या स्वतंत्रपणे चालवायच्या असतील, तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वायरी लागतात.

पेटी घेताना काय तपासावे?

'यूएसबी आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. काही पेट्यांतील यूएसबी केवळ गाणी आणि चित्रपट चालवण्यासाठी असते. खोक्यावर किंवा मेन्यूत 'पीव्हीआर' किंवा 'रेकॉर्ड' हा पर्याय दिसला पाहिजे.

- एमपेग-४ : केवळ एमपेग-२ वर चालणारी जुनी पेटी स्वस्त मिळते, पण तिच्यावर अनेक वाहिन्या दिसत नाहीत. नवी घेताना एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ दोन्ही चालणारीच घ्यावी.
- टायमर : पेटी स्टँडबायमधून स्वतः जागी होऊन रेकॉर्डिंग सुरू करते का आणि 'रोज', 'आठवड्यातून एकदा' असे पर्याय आहेत का, ते पाहावे.
- घड्याळ : पेटीला वेळ उपग्रहावरून मिळते, पण मेन्यूत विभाग '+५.३०' असा लावलेला असावा लागतो. तो चुकला तर टायमर साडेपाच तास पुढे-मागे जातो.
- मोठी फाइल : 'फॅट-३२' पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. वरच्या हिशेबाने सुमारे तीन तासांत ही मर्यादा येते. चांगली पेटी आपोआप दुसरी फाइल सुरू करते. साधी पेटी तिथेच थांबते आणि टी-ट्वेंटीची शेवटची षटके हुकतात.
- फाइलचा प्रकार : रेकॉर्डिंग 'टीएस' प्रकारात असेल तर ते संगणकावर किंवा मोबाइलवरही चालते. पेटीने स्वतःच्याच पद्धतीने साठवले असेल, तर पेटी बिघडल्यावर सगळा साठा वाया जातो.

दुकानातच एक परीक्षा घ्यावी. आपला पेन ड्राइव्ह लावून दहा मिनिटे रेकॉर्डिंग करावे. मध्येच पेटीची वायर काढावी आणि पुन्हा लावावी. आधीचे रेकॉर्डिंग उघडते का, टायमर शिल्लक आहे का आणि पेटी आपोआप पूर्वस्थितीत येते का, हे पाहावे. पेटीची किंमत आणि दुकानदाराची शिफारस यांपेक्षा ही दहा मिनिटे जास्त सांगून जातात.

वीज गेली तर?

रेकॉर्डिंग बुडण्याचे हे मोठे कारण. मात्र रेकॉर्डिंगसाठी टीव्ही चालू असण्याची गरज नाही. छत्रीवरच्या एलएनबीला लागणारी वीजही पेटीच त्याच वायरीतून पुरवते. म्हणजे एकटी पेटी जिवंत ठेवली तरी काम भागते.

अनेक पेट्या १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालतात. वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस अशा पेटीला जोडता येतो. फक्त व्होल्टेज, पिनची ध्रुवता आणि अँपिअर पेटीच्या अॅडॅप्टरशी जुळतात याची खात्री करावी. थेट २३० व्होल्टची वायर असलेल्या पेटीला मात्र इन्व्हर्टरच लागतो. रेकॉर्डर म्हणून वापरायची असेल तर १२ व्होल्टची पेटी सोयीची, ती याच कारणाने.

सर्वांत नेहमीची चूक वेगळीच आहे. टायमर लावून झाल्यावर घरातले कोणीतरी सवयीने भिंतीवरचे बटण बंद करते. टायमर चालायला पेटी रिमोटने स्टँडबायवर ठेवावी लागते. विजा चमकत असतील तेव्हा मात्र रेकॉर्डिंगचा मोह सोडून वायरी काढून ठेवणेच शहाणपणाचे.

पेन ड्राइव्ह की हार्ड डिस्क?

वेगाचा प्रश्न फारसा येत नाही. सेकंदाला ३ मेगाबिट म्हणजे अर्ध्या मेगाबाइटहूनही कमी. खरी अडचण सातत्याची आहे. हलक्या प्रतीचे पेन ड्राइव्ह मध्येच काही क्षण अडखळतात आणि चित्रात उडी येते. अशक्य वाटावे इतक्या कमी किमतीत प्रचंड क्षमता लिहिलेले पेन ड्राइव्ह बनावट असण्याची शक्यता असते. ते भरल्यासारखे दाखवतात, पण आतल्या फाइल उघडत नाहीत. रोजच्या वापराला नामांकित कंपनीचा ३२ किंवा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो.

साठा करून ठेवायचा असेल तर हार्ड डिस्क बरी. पण साधा यूएसबी-२ पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर वीज देतो आणि फिरत्या हार्ड डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागू शकते. डिस्क 'टक-टक' आवाज करत असेल किंवा पेटी पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असेल, तर स्वतंत्र वीज असलेला यूएसबी हब वापरावा. महत्त्वाचे रेकॉर्डिंग असेल तर त्याची दुसरी प्रत ठेवावी.

असे रेकॉर्डिंग कायदेशीर आहे का?

स्वतःच्या खासगी वापरासाठी, हो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ नुसार खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग हे प्रसारकाच्या हक्काचा भंग ठरत नाही. मात्र तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे, यूट्यूबवर चढवणे किंवा पेन ड्राइव्ह भरून विकणे ही वेगळी गोष्ट आहे. ते या सवलतीत बसत नाही.

नवे तंत्रज्ञान येईपर्यंत थांबावे का?

भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. असा टीव्ही घेतला की छत्रीची वायर थेट टीव्हीला लावून मोफत वाहिन्या पाहता येतात. पण रेकॉर्डिंगच्या दृष्टीने स्वतंत्र पेटीचा एक फायदा राहतोच : टीव्ही बंद ठेवून छोट्या यूपीएसवर ती चालते. इंटरनेटशिवाय मोबाइलवर थेट प्रक्षेपणाच्या चाचण्याही देशात झाल्या आहेत, मात्र आजच्या खरेदीसाठी त्यावर थांबण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे चांगला डेटा आहे, त्यांना प्रसार भारतीचे 'वेव्ह्ज' हे ओटीटी ॲप उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात ते सुरू झाले. पण एका मोबाइलच्या डेटावर मुलांचा अभ्यास, बातम्या आणि करमणूक सगळे भागवायचे असेल, तर आकाशातून फुकट येणारा प्रवाह परवडतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

आधी कागद-पेन घेऊन आठवडाभर घरात खरोखर काय पाहिले जाते त्याची यादी करावी. त्यात सशुल्क मराठी मालिका आणि आयपीएल जास्त असतील, तर केबल तोडून नाराजीच पदरी येईल. अशा घराने सरसकट पॅकऐवजी मोजक्याच वाहिन्या निवडून बिल कमी करणे बरे. यादीत बातम्या, जुने चित्रपट, भारतीय संघाचे सामने आणि मुलांचे धडे असतील, तर फ्री डिश आणि रेकॉर्डिंगची पेटी वर्षभराच्या आत पैसे वसूल करते.

बदल करताना एक महिना दोन्ही ठेवावे. छत्री बसवावी, रोज एक टायमर लावावा आणि महिन्यात किती रेकॉर्डिंग पूर्ण मिळाली ते मोजावे. सुरुवातीला पाच मिनिटे आणि शेवटी दहा मिनिटे जादा धरावीत, कारण कार्यक्रम ठरल्या वेळेला सुरू होतातच असे नाही. तीसपैकी सत्तावीस-अठ्ठावीस रेकॉर्डिंग नीट आली, तर केबलवाल्याला निरोप द्यायला हरकत नाही. त्याहून कमी आली, तर दोष आधी छत्रीत, मग विजेत, मग पेन ड्राइव्हमध्ये आणि सर्वांत शेवटी पेटीत शोधावा.